शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याआधी : मुलांना नवे शब्द शिकवण्याचे आठ टप्पे

तिसरी-चौथीची कोणतीही मराठीची वही उघडा. डावीकडे शब्द, मध्ये छोटी रेघ, उजवीकडे अर्थ. 'हुरूप – उत्साह. निमूट – गुपचूप. बिचकणे – घाबरणे.' अक्षर वळणदार, खाली लाल पेनाची बरोबरची खूण. आता त्याच मुलाला 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न द्या. 'मी हुरूप पाहिला.' 'मला हुरूप खूप आवडतो.' 'बाबांनी बाजारातून हुरूप आणला.' व्याकरणाच्या दृष्टीने एकही वाक्य चुकलेलं नाही. शब्द मात्र मुलापर्यंत पोचलेलाच नाही.

चूक मुलाची नसते, आपल्या क्रमाची असते. आपण अर्थ आधी लिहून देतो, शब्द धड्यात नंतर भेटतो, आणि त्याची पुढची भेट होते ती थेट घटक चाचणीत. पुढच्या पद्धतीत हा क्रम बदललेला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ती आहे. घरी एका मुलाबरोबर करा किंवा वर्गात चाळीस जणांबरोबर. एका गोष्टीला आठवडाभर लागतो, पण रोजची दहा-पंधरा मिनिटंच.

साहित्य फार लागत नाही. मोठ्याने वाचायला एक गोष्ट, कोरी कार्डं (जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू उत्तम चालतात), बुटांचा एक रिकामा खोका आणि भिंतीवरचं कॅलेंडर. लेखभर उदाहरणासाठी हा छोटा उतारा घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही:

'पाऊस उघडला, तरी ओढ्याला पाणी होतं. शेळी काठाशी आली आणि बिचकली. पुढे यायलाच तयार होईना. गंगीने पाण्यात काठी घालून खोलीचा अंदाज घेतला. गुडघाभरच होतं. तिने शेळीला खांद्यावर घेतलं. एरवी ही शेळी मोठी हट्टी, आज मात्र निमूटपणे बसून राहिली. पलीकडच्या लव्हाळ्यात बेडकांनी गोंधळ मांडला होता.'

टप्पा १ : शब्द निवडा

'अवघड वाटतील ते शब्द अधोरेखित करा' असं मुलांना सांगून हे काम त्यांच्यावर टाकू नका. निवड मोठ्या माणसाने आदल्या दिवशी करायची. अमेरिकेतल्या इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्याच्या दृष्टीने शब्दांचे तीन थर केले. मराठीत काम करताना मला चौथा ढीग लागतो.

पहिला ढीग : रोजच्या बोलण्यातले शब्द. पाऊस, काठी, शेळी. हे शिकवायची गरज नाही.

दुसरा ढीग : घरच्या बोलण्यात क्वचित, पण पुस्तकात कुठल्याही पानावर भेटणारे. अंदाज, निमूटपणे, बिचकणे. याच जातीचे संकोच, सावध, तुलना, परिणाम, चाहूल. आपला वेळ इथे जायला हवा.

तिसरा ढीग : एकेका विषयाचे शब्द. छेद, अक्षवृत्त, परागीभवन. ते त्या विषयाच्या तासालाच समजतात, भाषेच्या तासाला ओढून आणू नका.

चौथा ढीग : वस्तूच डोळ्यांसमोर नसल्यामुळे अडणारे शब्द. मोट, जातं, रांजण, शहरातल्या मुलाला लव्हाळा. यांना चित्र किंवा फोटो दाखवा आणि पुढे चला. अर्धं मिनिट.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या चौथ्या ढिगावर. मोट आली की आपल्याला बैल, विहीर, नाडा, आजोळ सगळंच आठवतं आणि वीस मिनिटं जातात. (मलाही हा मोह आवरत नाही.) त्याच तासात 'अंदाज' हा शब्द 'सोपा आहे' म्हणून कुणी थांबत नाही. पण गणिताच्या पुस्तकात 'उत्तराचा अंदाज करा' येतं, परिसर अभ्यासात हवामानाचा अंदाज येतो. मोट पुन्हा भेटेल तेव्हा भेटेल, अंदाज पुढच्याच आठवड्यात भेटणार आहे.

पहिली-दुसरीला एका गोष्टीमागे दोन-तीन शब्द घ्या, तिसरी ते पाचवीला चार-पाच. दहा घेतले तर एकही टिकत नाही.

*तपासा :* निवडलेला प्रत्येक शब्द मुलाला पुढच्या महिनाभरात दुसरीकडे कुठे वाचायला किंवा ऐकायला मिळेल? अशी एकही जागा सुचली नाही तर तो शब्द यादीतून काढा.

टप्पा २ : अर्थ स्वतःच्या शब्दांत तयार ठेवा

हे काम आदल्या रात्री, कागदावर करायचं. वर्गात उभं राहून आयत्या वेळी सुचतो तो बहुतेक समानार्थी शब्दच असतो, आणि पहिल्या भेटीत तोच सगळ्यात जास्त घोटाळा करतो.

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या अमेरिकी संशोधकांनी १९८७ मध्ये एक मासला दिला आहे. शाळकरी मुलांना शब्दकोशातला अर्थ वाचून वाक्य करायला सांगितलं होतं. 'इरोड' म्हणजे झिजणं, धूप होणं. कोशात त्याचा अर्थ 'ईट आउट' असाही होता, म्हणजे कुरतडून खाणं. पण त्याच दोन शब्दांचा रोजचा अर्थ बाहेर जेवायला जाणं. तेव्हा एका मुलाने वाक्य केलं की आमचं कुटुंब पुष्कळदा 'इरोड' होतं! कोश चूक नव्हता आणि मूलही आळशी नव्हतं. त्याने अर्थातला ओळखीचा तुकडा उचलला, त्याचं वाक्य केलं आणि त्यात नवा शब्द बसवला.

मराठीत रोज हेच चालतं. 'निमूटपणे – गुपचूप' लिहून दिलं, तर मूल लिहितं, 'मी डब्यातला लाडू निमूटपणे खाल्ला.' गुपचूप म्हणजे कुणाला कळू न देता, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. निमूटपणात लपवाछपवी नाही, तिथे तोंडातून तक्रारीचा शब्द न काढणं आहे. दोन शब्दांत नेमका जो फरक आहे, तोच रेघेच्या उजवीकडे गळून पडतो.

म्हणून अर्थ पूर्ण वाक्यात लिहा, 'कोण, केव्हा, कसं' त्यात येऊ द्या:

बिचकणे : समोर काही अनोळखी किंवा अचानक आलं की पाऊल आपोआप थांबतं, जरासं मागे येतं. त्याला बिचकणं म्हणतात.

अंदाज घेणे : नक्की माहीत नसतं तेव्हा जे दिसतंय, कळतंय त्यावरून ठरवून बघणं.

निमूटपणे : मनात नसलं तरी एक शब्दही न बोलता, कुरकुर न करता.

प्रत्येक अर्थाखाली शब्द चपखल बसेल असा एक प्रसंग लिहा, आणि बसणार नाही असा एक. न बसणारा सुचायला वेळ लागतो, पण शब्दाची हद्द त्यानेच कळते. 'काळोखात रोज एकटं जायची भीती वाटते' ही भीती आहे, बिचकणं नाही. 'गल्लीच्या वळणावर अचानक कुत्रं समोर आलं' इथे बिचकणं आहे.

*सावध :* समानार्थी शब्दांशी वैर नाही. शब्द पक्का झाल्यावर, महिन्याभराने त्यांच्याकडे या. पाणी, जल, नीर, तोय, उदक अशी माळ आधी पाठ करून घेतली की मुलाला वाटतं हे पाचही शब्द कुठेही बदलून चालतात. जेवताना 'उदक वाढा' का म्हणत नाहीत, हे त्या माळेत कुठेच लिहिलेलं नसतं.

टप्पा ३ : आधी गोष्ट, अख्खी

आता वाचा. मोठ्याने, हावभावासह, शक्यतो एका दमात. फळ्यावर शब्दांची यादी अजून नको. शेळी काठावर थबकलेली मुलाने मनात पाहिली नसेल, तर 'बिचकणे' टांगायला खुंटीच नाही.

अपवाद दोनच. चौथ्या ढिगातल्या वस्तूचं चित्र आधी दाखवून ठेवा. आणि जो शब्द कळल्याशिवाय गोष्टच पुढे सरकत नाही, त्याचा अर्थ वाचता वाचता ओझरता सांगा: 'शेळी बिचकली, म्हणजे पाणी बघून जागीच थबकली…' आणि लगेच पुढचं वाक्य.

इथे दोन समजुती आडव्या येतात. पहिली, 'भरपूर वाचलं की शब्द आपोआप येतात.' येतात, पण फार हळू. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये अशा २० प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपासच शब्द वाचणाऱ्याच्या पदरात पडत होते. भरपूर वाचणाऱ्या मुलाला हे पुरतं, कारण त्याला हजारो शब्द भेटतात. वर्षाला दोनच पुस्तकं हाती लागणाऱ्या मुलाला पुरत नाही, आणि आपल्याला काळजी त्याचीच आहे.

दुसरी समजूत, 'संदर्भावरून अर्थ ओळखू द्या.' ओळखू द्या, पण एकदाच विचारा आणि मग सांगून टाका. 'शेळी काठाशी आली आणि बिचकली' यावरून 'घसरली', 'ओरडली', 'पाणी प्यायली' असं काहीही निघू शकतं. दहा मिनिटं अंदाज गोळा करत बसलात तर बरोबर अर्थाआधी चार चुकीचे अर्थ वर्गात घुमतात, आणि मोठ्या आवाजाच्या मुलाने सांगितलेला बाकीच्यांच्या लक्षात राहतो.

*तपासा :* गोष्ट संपल्यावर 'शेळीला खांद्यावर का घ्यावं लागलं?' एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर शब्दांकडे वळू नका, गोष्ट पुन्हा वाचा.

टप्पा ४ : ओळख – एका शब्दाला पाच मिनिटं

क्रम असा ठेवा. गडबडीत सगळ्यात आधी हाच क्रम सुटतो.

१. गोष्टीतलं ते वाक्य पुन्हा वाचा.

२. मुलांना शब्द मोठ्याने म्हणू द्या. लांब असेल तर टाळ्यांवर तोडा: नि-मू-ट-प-णे. जो शब्द नीट उच्चारता येत नाही, तो मूल वापरत नाही.

३. तयार केलेला अर्थ सांगा.

४. गोष्टीबाहेरचा प्रसंग द्या. शब्द एकाच गोष्टीला चिकटला की मुलाला वाटतं, फक्त शेळ्याच बिचकतात.

५. हो-नाहीचे तीन-चार झटपट प्रश्न. 'लाइट गेली, पंखा बंद, सगळे काही न बोलता बसून राहिले. निमूटपणे?' हो. 'धाकट्याला सुई टोचली, त्याने दवाखाना डोक्यावर घेतला. निमूटपणे?' नाही! प्रत्येक 'नाही'नंतर 'का नाही?' हा प्रश्न आलाच पाहिजे.

६. करता येण्यासारखा शब्द करून दाखवायला सांगा. बिचकून दाखव. आता घाबरून दाखव. काय वेगळं केलंस? निम्मा वर्ग इथेच शिकतो.

७. मग लिहिणं. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसरीकडे मुलाने सांगितलेला प्रसंग किंवा त्याने काढलेलं चित्र. अर्थ लिहायचा असेल तर तोही इथे, सातव्या क्रमांकावर.

मुलांना घरचा शब्द विचारायची जागाही हीच. विदर्भातल्या मुलाच्या तोंडी शेताला 'वावर' असतं. मालवणी मुलाच्या घरी मुलगा 'झील' आणि मुलगी 'चेडू', अहिराणी घरात मुलगा 'आंडोर'. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असं विचारून तो शब्द कार्डावर पुस्तकातल्या शब्दाच्या शेजारी लिहा. त्यावर 'अशुद्ध' असा शिक्का मारला की मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे भिली बोलणाऱ्या मुलाचं तर गणितच वेगळं: त्याच्यासाठी पहिल्या ढिगातले पाऊस, काठीसुद्धा नवे असू शकतात. तिथे आधी वस्तू हातात, कृती अंगाने, शब्द कानावर. दुसरा ढीग काही महिन्यांनी.

*सावध :* 'कळलं का?' हा प्रश्न या टप्प्यात विचारू नका. त्याचं उत्तर चाळीस मुलं एका सुरात देतात आणि ते नेहमी 'हो'च असतं.

टप्पा ५ : शब्दाची सोबत आणि रूपं

'मी हुरूप पाहिला' या वाक्याचं मूळ इथे आहे. मराठीतलं भाववाचक नाम एकटं फिरत नाही, त्याच्याबरोबर एखादं ठरलेलं क्रियापद चालतं. हुरूप *येतो*. चाहूल *लागते*. संकोच *वाटतो*. कानोसा *घेतात*. धीर *येतो, सुटतो, देतात*. अंदाज *घेतात, बांधतात* आणि *चुकतो*. वहीत 'हुरूप – उत्साह' लिहिलं, पण 'हुरूप येणे' लिहिलं नाही, तर मुलाने तो शब्द चालवायचा कशाने? मग ते सगळ्या शब्दांना चालणारं क्रियापद घेतं: पाहिला, आणला, आवडतो.

म्हणून कार्डावर नाम कधीही एकटं लिहू नका. जोडी लिहा आणि लिंगही: 'तो अंदाज – अंदाज घेणे', 'ती चाहूल – चाहूल लागणे'. या एका बदलाने वाक्यं किती सुधारतात, हे पंधरा दिवसांत वहीत दिसतं. वेळ अगदीच कमी असेल आणि आठांपैकी एकच टप्पा जमणार असेल, तर मी हा करेन.

मग रूपं. देऊळ, पण देवळात. पाऊस, पण पावसात. ओढा, पण ओढ्याला. माणूस, पण माणसाने. मोठ्यांना हे एकाच शब्दाचे चेहरे वाटतात. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला 'ओढ्याला' हा 'ओढा'च आहे हे वाचताना ओळखू येईलच असं नाही. कार्डाच्या कोपऱ्यात असं एखादं रूप लिहून ठेवा.

मूल 'देऊळात' किंवा 'पाऊसात' म्हणालं तर चमकू नका. त्याला 'त' लावायचा नियम सापडला आहे आणि तो ते सगळीकडे लावून बघतंय. टोकायचं नाही, बोलता बोलता बरोबर रूप परत द्यायचं: 'हो का, देवळात गेला होतात? मग देवळात कोण भेटलं?'

चौथी-पाचवीला शब्दांची कुटुंबं घ्या. झोपाळू, विसराळू, लाजाळू. बेशिस्त, बेफिकीर, बेसावध. भांडखोर, बंडखोर, चिडखोर. एक 'बे' कळला की पुढचे पाच शब्द मूल स्वतःच फोडतं. फक्त शब्द फोडल्यावर उरलेल्या तुकड्याला अर्थ आहे का हे बघायची सवय लावा, नाहीतर 'बेडूक' आणि 'बेरीज'सुद्धा या कुटुंबात येऊन बसतात.

टप्पा ६ : मुलाला शब्द वापरायला लावा

'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न वाईट नाही, फार सैल आहे. त्यात अर्थ न कळताही निभावता येतं. तो असा आवळा:

'मांजर बिचकलं, कारण…'
'ताईने तिची वाटणी धाकट्याला निमूटपणे दिली, कारण…'
'आजोबांचा अंदाज चुकला, म्हणून…'

'कारण' आणि 'म्हणून' आले की मूल अर्थ टाळू शकत नाही. 'मांजर बिचकलं, कारण ते सुंदर होतं' असं कुणी लिहिलं, तर नेमकं कुठे अडलंय तेही लगेच दिसतं.

दुसरा प्रकार, दोन नवे शब्द एका प्रश्नात: 'अंदाज न घेता पाण्यात उतरणारा माणूस बिचकेल का?' याला बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच मुलं भांडतात. भांडताना दोन्ही शब्द प्रत्येकाच्या तोंडून पाच-पाच वेळा जातात.

तिसरा प्रकार गृहपाठाचा, लिहायचं काहीच नाही: आज घरात कोण कशाचा अंदाज घेतं ते बघून या. आमटीत मीठ घालणारी आई, आभाळाकडे बघून कपडे काढणारी आजी, रस्ता ओलांडताना थांबलेला दादा. माझ्या वर्गातली एक मुलगी याच प्रकारात सांगत आली होती, 'बाई, आजी गोळी निमूटपणे घेते. आजोबा घेत नाहीत.' त्या दिवशी तिला वेगळं तपासायची गरज उरली नाही.

*सावध :* या टप्प्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल पेन चालवू नका. 'निमुटपणे' असं लिहून बरोबर प्रसंग दिला असेल, तर शब्द आला. वेलांटी-उकार दुसऱ्या दिवशी.

टप्पा ७ : परतभेट

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना सहज बोलता बोलता सांगितलं, 'तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियम.' ट्रेचा रंग शेवाळी होता आणि 'क्रोमियम' हा शब्द मुलांनी रंगासाठी कधीच ऐकलेला नव्हता. मुलांनी बरोबर ट्रे आणला, आणि एवढ्याशा भेटीतून काहींच्या मनात शब्दाची पुसट खूणही राहिली. पण नेमका कोणता रंग, हे पक्कं व्हायला मात्र पुढे बराच काळ आणि पुन्हा पुन्हा भेटी लागल्या. पहिल्या भेटीत मुलाला शब्दाचा पत्ता कळतो, घर नंतर सापडतं. मूल पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर देतं म्हणून आपण फसतो आणि शब्द सोडून देतो.

खोक्यात आंब्याच्या आढीसारखे तीन कप्पे करा: कच्चे, पाडाला आलेले, पिकलेले. नवं कार्ड कच्च्यात. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ते बाहेर येईल अशी कॅलेंडरवर खूण करा. दर वेळी दोन मिनिटं. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडला की मागच्या. त्यावरून रागवायचं नाही; आढीतला आंबाही दाबून बघून परत ठेवतातच की.

विचारताना कार्ड दाखवून 'याचा अर्थ सांग' म्हणू नका. उलटं विचारा: 'नक्की माहीत नसताना दिसतंय त्यावरून ठरवतो, त्याला काय म्हणतात?' शब्द स्वतःच्या डोक्यातून काढावा लागला की तो पुढच्या वेळी लवकर सापडतो. कार्ड नुसतं वाचून 'येतंय मला' असं वाटतं, एवढंच.

शिवाय तुम्ही स्वतः तो शब्द दिवसभरात बोलण्यात आणा. पण जपून. 'निमूटपणे रांगेत उभे राहा!' असं चार वेळा ओरडलात तर 'निमूटपणे' हा शब्द मुलाच्या मनात बोलणी खाण्याचा शब्द होऊन बसेल.

टप्पा ८ : तपासणी

महिनाअखेरीस प्रत्येक शब्दापुढे चारपैकी एक खूण करा: ऐकलाच नाही, ऐकल्यासारखा वाटतो, हो-नाहीत ओळखतो, स्वतःहून वापरतो. चाळीस मुलं असतील तर दर आठवड्याला दहाच घ्या.

चौथी खूण फक्त न विचारता वापरलेल्या शब्दालाच द्यायची. त्यासाठी डबा खाताना, मैदानावर, निबंधात कान-डोळे उघडे ठेवावे लागतात. वापर थोडा वेडावाकडा असला तरी खूण द्या. 'बाई, माझी सायकल स्पीडब्रेकरला बिचकली' हे चूक की बरोबर, यावर वर्गात मत घ्या. माझं मत बरोबरच्या बाजूने आहे.

अडतं तिथे

*मूल गप्पच राहतं.* बोलायला लावू नका. हावभाव, चित्र, हो-नाहीची मान एवढंच काही आठवडे चालू द्या. शब्द आत जमा होत असतात.

*अजून वाचता येत नाही.* तरीही सगळे टप्पे करा, फक्त कार्डावर चित्र काढा. कानाने ओळखीचा असलेला शब्द वाचताना लवकर उलगडतो. त्यामुळे पहिलीत तोंडी शब्द वाचनाच्या बरेच पुढे असलेले बरे.

*इंग्रजी माध्यमातलं किंवा परदेशात वाढणारं मूल.* त्याला कल्पना माहीत असते, नाव इंग्रजीत असतं. 'अंदाज म्हणजे गेस' असं एकदा सांगायला हरकत नाही, पण तिथेच थांबलात तर ते 'गेस केला' असंच म्हणत राहील. त्याला टप्पा ५ दुप्पट द्या: अंदाज घेणे, अंदाज चुकणे, अंदाजे दोन किलो.

*तीन वर्षांच्या आतलं मूल.* वरचं यातलं काहीही नको, फ्लॅशकार्डंही नकोत. मूल ज्याकडे बघतंय त्याचं नाव घ्या. तुम्ही दाखवताय त्याकडे त्याने बघावं हा हट्ट सोडा. ते कावळा बघत असताना 'हा बघ चेंडू' म्हटलं, तर 'चेंडू' कावळ्याला चिकटायची भीती असते. मोबाइलवरची गाणी लावून मूल शिकेल असं समजू नका. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखू येऊ लागले. तेच व्हिडिओवर बघणाऱ्यांना आले नाहीत.

*वर्ष संपलं, खोक्यात दीडशे कार्डं आहेत.* पिकलेली मुलांना घरी देऊन टाका. कच्ची आणि पाडाची, खोक्यासकट, जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या बाईंच्या टेबलावर ठेवा.